दरीतली सगळ्यात गप्प बंदूक

आमच्या दरीतली सगळ्यात गप्प बंदूक माझी आहे! खोटं वाटत असेल तर कुणालाही विचारा. म्हणजे, नकाच विचारू. लोक आधी पाच मिनिटं हसतील आणि मग बंदुकीचं सोडून भलतंच काहीतरी सांगत बसतील. ते भलतंच दुसऱ्याकडून तिखटमीठ लावून ऐकण्यापेक्षा माझ्याकडूनच ऐका. मी निदान नुसतं मीठ लावीन.

बंदूक म्हणजे काही तोफ नव्हे. साधी पॉइंट टू-टू रायफल, सशांसाठीची. थायम फ्लॅट गावात माणसं तीनशे दहा. सशांची मोजदाद करायला एक सरकारी माणूस आला होता, तो तिसऱ्या दिवशी बदली मागून गेला. मेंढ्यांच्या वाटचं गवत ससे खातात, म्हणून ज्याच्याकडे डोंगर आहे त्याला बंदूकवाला हवा असतो आणि ज्याच्याकडे बंदूक आहे त्याला डोंगर. माझ्याकडे मिसेस मॅकचा डोंगर आहे.

मिसेस मॅक म्हणजे एफी मॅकॉर्किंडेल. वय चौऱ्याऐंशी, कान मांजरीचे. मी त्रेसष्टचा, एकतीस वर्षं त्यांच्याकडे जातोय, पण एफी म्हणायची हिंमत अजून झालेली नाही. त्यांचा नवरा आर्ची आणि मी दर मंगळवारी मिळून डोंगरावर जायचो. आर्ची गेला त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून मी एकटाच जातो, पण रीत तीच. पाच वाजता पिकअप लोकरीच्या शेडपाशी लावायची. शेडमागच्या मातीच्या दरडीपुढे आर्चीने कपाच्या तोंडाएवढी एक पोलादी चकती साखळीने टांगलेली आहे, तिच्यावर एक गोळी मारून नेम तपासायचा. चकती 'टण्ण' वाजली की वर जायचं. अंधाराच्या आत खाली यायचं, दोन ससे सोलून मिसेस मॅकच्या ओट्यावर ठेवायचे, आणि मग चहा आणि गरमागरम चीज रोल. खरं सांगू? गेली काही वर्षं मी सशांसाठी जातो की त्या चहासाठी, हे मला शपथेवर सांगता येणार नाही.

तर मार्चमधल्या एका मंगळवारी चहा ओतता ओतता मिसेस मॅक म्हणाल्या, "तुझी प्रत्येक गोळी ऐकू येते हो मला, नेव्हिल. अगदी इथे सिंकपाशी उभी असले तरी."

एवढं म्हणून त्या कपात बघत बसल्या. माझ्या हातातला चीज रोल हातातच राहिला!

आता तुम्ही म्हणाल, यात दचकण्यासारखं काय आहे? तुम्ही आमच्याकडचे नाही. आमच्याकडे कुणी तक्रार करत नाही. शेजाऱ्याचा बैल तीन दिवस माझ्या जर्दाळूच्या बागेत होता, तेव्हा मी त्याला एवढंच म्हणालो होतो, "बैल अंगाने छान भरलाय तुझा." त्याच संध्याकाळी बैल परत गेला. हेमीच्या घराचं छप्पर वादळात उडालं, तेव्हा तो म्हणाला, "जरा हवेशीर झालंय." सगळं गाव हातोड्या घेऊन धावलं. आमच्याकडे माणूस काय बोलला ते ऐकायचं नसतं, त्याच्या पोटात काय आहे ते ओळखायचं असतं. आणि त्यात मी आजवर एकदाही चुकलेलो नव्हतो!

घरी येऊन मी ग्वेंडाला म्हणालो, "संपलं. मिसेस मॅकना माझ्या बंदुकीचा त्रास होतोय."

"तसं म्हणाल्या त्या?"

"छे! त्या फक्त म्हणाल्या, ऐकू येतं."

"मग येत असेल ऐकू. विचार ना सरळ, त्रास होतो का म्हणून."

"सरळ?" मी खुर्चीतून उठलोच. "सरळ कसं विचारणार?"

माझी बायको ऑकलंडची, मोठ्या शहरातली. लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली, पण माणसांना सरळ विचारायची तिची खोड काही गेली नाही.

मला झोप लागेना. कारण वरच्या द्राक्षमळ्याचा नवा मालक जास्पर गेल्याच महिन्यात मिसेस मॅकच्या फाटकाशी उभा दिसला होता. चाळिशीचा, इस्त्रीच्या शर्टातला. त्याच्या बंदुकीवर म्हणे सायलेन्सर आहे. म्हणजे मिसेस मॅक एक दिवस अगदी गोड आवाजात म्हणणार, 'नेव्हिल, आता डोंगर चढायचा कंटाळा येत असेल ना तुला?' आणि मी समजून घेणार, टोपी घालणार आणि निघणार. एकतीस वर्षांचा मंगळवार खलास! मंगळवारी दुसरं काय करायचं असतं हेच मला माहीत नव्हतं.

त्यावर उपाय एकच होता, आणि तोही न बोलता करायचा. शनिवारी सकाळी मी कॉलिनच्या दुकानात हजर!

कॉलिनच्या दुकानात बंदुका, गळ, शाळेचे बूट आणि मधमाश्यांची खोकी एका छताखाली मिळतात. शनिवारी तिथे रिकामे लोकही मिळतात. मी परवाना काढून हळूच म्हणालो, "सायलेन्सर बघायचाय," तर दुकानातले चारही जण माझ्याभोवती गोळा झाले. चार माणसं आणि सहा मतं!

"लांब घे! जितका लांब तितका गप्प."

"लांब घेऊन काय करतोस? पिकअपच्या दारात अडकेल. आखूड घे."

"पोलादी घे, जन्मभर टिकेल."

"पोलादी घेतलास तर बंदूक नाक खाली घालून बसेल. ॲल्युमिनियमचा घे."

"उघडून साफ करता येतो तोच घे बाबा. या छोट्या गोळ्यांचं शिसं आणि काजळी आत साठून साठून सायलेन्सरचं वजन वाढतं. माझा उघडत नव्हता, शेवटी मी तो दार अडवायला ठेवला."

कॉलिनने सगळ्यांना गप्प केलं आणि मला शहाणपणाच्या दोन गोष्टी सांगितल्या. पहिली अशी, की गोळ्या हळू जाणाऱ्या घ्यायच्या. "सायलेन्सर नळीतला आवाज खातो. पण गोळी आवाजाच्या पुढे धावली तर हवेत चाबूक ओढते, त्याला तो काही करू शकत नाही."

"आणि दुसरी?"

"एकदा लावलास की काढू नकोस. नळीच्या टोकाला वजन आलं की नेम सरकतो, काढलंस की पुन्हा सरकतो. लग्नाच्या अंगठीसारखा समज. लावला की राहू दे."

मी मान हलवली. मान हलवायला काय जातं!

आता पंचाईत अशी, की निवड करायची कशी? कॉलिनच्या दुकानामागे गोळी झाडून बघायला छोटंसं मैदान आहे. मी पहिला सायलेन्सर लावून गोळी मारली. उत्तम! दुसरा लावला. उत्तम! तिसरा. तोही उत्तम! मग कॉलिनने सायलेन्सर न लावता गोळी मारली आणि मला विचारलं, "आणि हा?"

"हाही बरा आहे," मी म्हणालो.

जर्दाळूच्या बागेत पाखरं हाकलायला गॅसची तोफ ठेवतात, दर दहा मिनिटांनी धडाम! त्या तोफेशेजारी मी तीस वर्षं काढली आहेत. माझ्या कानांना आता दरीतल्या सगळ्याच बंदुका सभ्य वाटतात. शेवटी ग्वेंडाला फोन करून बोलावून घेतलं. ती विणकाम घेऊन आली, पाण्याच्या टाकीपलीकडे खुर्ची टाकून बसली आणि पाकिटाच्या पाठीवर गुण द्यायला लागली.

"पहिला!" मी ओरडलो आणि गोळी मारली.

"कुणीतरी रागाने दार आपटलं!" टाकीमागून आवाज आला. "दहात चार."

"दुसरा!"

"चर्चमध्ये शिंक दाबली! सात."

"तिसरा!"

टाकीमागे सामसूम.

"ग्वेंडा, तिसरा!"

"अरे, मग मार ना! किती वेळ बसू इथे?"

"मारली!"

दुकानातले चौघे टाळ्या वाजवायला लागले. तिसरा म्हणजे मधल्या लांबीचा, उघडून साफ करता येणारा. तोच घेतला, हळू गोळ्यांची दोन खोकी घेतली, तिथेच सायलेन्सर लावून नेम जुळवला, आणि ग्वेंडाला गाडीत बसवून बजावलं, "मिसेस मॅकना एक शब्द सांगायचा नाही. त्यांना आपोआप कळू दे, की नेव्हिलने मनातलं ओळखलं."

"तू मनातलं ओळखतोस त्याचीच मला भीती वाटते," ग्वेंडा म्हणाली आणि विणायला लागली.

मंगळवार उजाडला. सकाळी मी नेहमीसारखा मिसेस मॅकना फोन केला. "पाचला येतो."

"ये," त्या म्हणाल्या. आमचा फोन एवढाच असतो.

आता एखादं काम अंगावर घेतलं की ते टोकाला नेल्याशिवाय मला चैन पडत नाही. बंदूक गप्प केली, मग पिकअप कशाला घरघरायला हवी? ती मी शेडपर्यंत नेलीच नाही, खालीच रस्त्यावर पॉप्लरच्या झाडांखाली लावली. दार आपटलं नाही, ढकलून लावलं. चकतीवर गोळी मारणं म्हणजे तर साफ मूर्खपणा झाला असता. एवढा खर्च करून गप्प बंदूक घ्यायची आणि पहिल्याच गोळीला 'टण्ण' करायचं? नेम जुळवलेला होताच. चकतीला आज सुट्टी! फोनही बंद करून टाकला. पेजर तेवढा खिशात चालू ठेवला, कारण मी गावच्या अग्निशमन दलात स्वयंसेवक आहे आणि तिथला पेजर बंद करणं हे आमच्याकडे खुनाच्या खालोखालचं पाप आहे.

आणि काय सांगू तुम्हाला! ती संध्याकाळ! एक ससा पडला तर दुसरा कान टवकारून बघायचा आणि पुन्हा चरायला लागायचा. गोळीनंतर नेहमी सगळा डोंगर बिळात शिरतो, त्या दिवशी डोंगर जागचा हललाच नाही. उन्हाने तापलेल्या रानओव्याचा वास येत होता आणि मी खडकाला टेकून बसलो होतो. मनात आलं, माणसाने असंच असावं. काम करावं आणि कुणाच्या कानावरही जाऊ नये. मी स्वतःवर फार खूश होतो. खाली मिसेस मॅक सिंकपाशी उभ्या असतील, आणि त्यांना पहिल्यांदाच शांतता मिळत असेल. माझ्याकडून!

सव्वासहा झाले. अकरा ससे झाले होते. तेवढ्यात खिशात पेजर थरथरला. 'सर्वांनी स्टेशनवर यावे.' एवढंच. मी बंदूक रिकामी केली, ससे खडकाच्या सावलीत ठेवले आणि तसाच डोंगराच्या मागच्या बाजूने पॉप्लरकडे पळत सुटलो. पळावंच लागतं. हेमी आमच्या दलाचा प्रमुख खरा, पण त्याचं मनगट मोडलेलं, आणि त्याच्याखेरीज बंब चालवायचा परवाना गावात एकट्या माझ्याकडे. मी पोचेपर्यंत बंब जागचा हलू शकत नाही!

सहा किलोमीटर मी पाच मिनिटांत कापले. स्टेशनवर हेमी आणि आणखी दोघे हेल्मेट घालून दारात उभेच होते. बंदूक गाडीत कशी सोडणार? ती बंबात सीटमागे ठेवली आणि मी उडी मारून चाकामागे बसलो.

"कुठे?"

"मिसेस मॅककडे," हेमी म्हणाला. "माणूस बेपत्ता."

माझा हात किल्लीवरच थांबला. "कुठला माणूस?"

हेमीने कागद वाचला. आमच्याकडचा मदतीचा फोन आधी लांब शहरातल्या केंद्रात जातो आणि तिथून निरोप येतो, त्यामुळे कागदावर नाव नव्हतं. "पुरुष. एकटा. पाच वाजता ससे मारायला डोंगरावर गेला. तेव्हापासून एकाही गोळीचा आवाज नाही. सोन्याच्या जुन्या खाणीत पडल्याची शक्यता."

आमच्या डोंगरावर दीडशे वर्षांपूर्वी सोनं शोधणाऱ्यांनी खणलेले खड्डे आहेत. काही पुरुषभर खोल, काहींचा तळ कुणी पाहिलेला नाही. पण खरं सांगतो, मला त्या क्षणी खड्डा दिसलाच नाही. मला इस्त्रीचा शर्ट दिसला!

"जास्पर!" मी ओरडलो. "माझ्या मंगळवारी! माझ्या डोंगरावर!"

"तू इथे आहेस म्हटल्यावर दुसराच कुणीतरी असणार," हेमी विचार करत म्हणाला.

तुमच्या केव्हाच लक्षात आलं असेल. माझ्या नाही आलं. ज्या माणसाचं काळीज जळत असतं त्याचं डोकं चालत नाही. भोंगा वाजवत मी बंब दामटला आणि मनातल्या मनात मिसेस मॅकशी भांडत होतो. एकतीस वर्षं! मी तुमच्यासाठी बंदुकीचं तोंड बांधलं आणि तुम्ही त्याच दिवशी दुसऱ्याला बोलावलंत?

अर्ध्या वाटेत वायरलेसवर आणखी माहिती आली. केंद्रातली मुलगी वाचून दाखवत होती. "वय साठीच्या पुढे. ऐकायला कमी येतं. उजवा पाय जरा फेंगडा टाकतो. फोन करणाऱ्या बाईंच्या मते स्वभाव चांगला, पण हट्टी."

हेमीने माझ्या उजव्या पायाकडे पाहिलं. तो ॲक्सिलरेटरवर होता, जरा फेंगडा.

"जास्पर तर चाळिशीचा आहे," मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं.

"मग त्याचा बाप असेल!" मी म्हणालो. "या वयात एकट्याने डोंगरावर जायची हौस! कान नाहीत, पाय नाहीत, आणि निघाले शिकारीला! अशा माणसांना घरच्यांनी बांधून ठेवायला हवं!"

हेमी खिडकीबाहेर बघत होता आणि त्याचे खांदे हलत होते. मला वाटलं, मनगट दुखत असेल.

मिसेस मॅक फाटकाशी उभ्या होत्या. अंगात आर्चीचा जुना कोट, एका हातात टॉर्च आणि दुसऱ्या हातात मेंढ्या हाकायची काठी. पायातले बूट गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेले. मी बंबातून उडी मारली, छाती पुढे काढली, आणि आमच्या दलात शिकवतात तशा धीराच्या आवाजात म्हणालो,

"घाबरू नका, मिसेस मॅक. आम्ही आलोय. कोण आहे तो? नाव सांगा फक्त, हाक मारायला बरं."

त्यांनी टॉर्च माझ्या तोंडावर धरला. बराच वेळ धरून ठेवला.

"नेव्हिल," त्या म्हणाल्या.

"हो, मीच. त्याचं नाव सांगा."

"नेव्हिल," त्या पुन्हा म्हणाल्या.

तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, तसा मी भोंगा वाजवत, लाल दिवा फिरवत, मलाच शोधायला आलो होतो!

मी हसलो. हसायला नको होतं. मिसेस मॅक बंबाच्या पायरीवर बसल्या आणि रडायला लागल्या. एकतीस वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. आर्चीच्या अंत्यविधीलासुद्धा नाही. त्या दिवशी त्यांनी दीडशे माणसांना चहा दिला होता आणि सगळ्यांना म्हणाल्या होत्या, "हवा बरी आहे आज."

"तुझी गाडी पाचला येताना खिडकीतून दिसली," त्या म्हणाल्या. "मग चकती वाजेल म्हणून थांबले. नाही वाजली. म्हटलं, विसरला असेल. मग वरून गोळी येईल म्हणून थांबले. साडेपाच झाले. शेडपाशी गाडी नाही. खाली जाऊन बघते तर झाडाखाली गाडी, आणि तू नाहीस. सहा वाजले तरी डोंगरावर काही नाही, नेव्हिल. काही म्हणजे काहीच नाही. केंद्राला फोन केला आणि तुला हाका मारत खड्ड्यांपर्यंत गेले. तू ओ दिली नाहीस."

मी कशी ओ देणार? मला ऐकूच आलं नव्हतं.

"आर्चीच्या वेळी असंच झालं होतं," त्या म्हणाल्या.

हे मला ठाऊक होतं. सहा वर्षांपूर्वी त्या मंगळवारी मी तापाने आजारी होतो आणि आर्ची एकटाच गेला होता. चकती वाजली, दोन गोळ्या झाल्या, आणि मग तिसरी आलीच नाही. मिसेस मॅक सिंकपाशी तिसरीची वाट बघत उभ्या होत्या. आर्ची वर खडकाला टेकून बसलेला सापडला, हृदय बंद पडलेला. मला हे सगळं ठाऊक होतं, गावाला ठाऊक होतं, आणि तरी मी त्यांना भेट म्हणून काय नेलं, तर शांतता. मला एवढी लाज वाटली, की अजूनही सांगताना कानशिलं तापतात.

हेमीने त्यांना हात देऊन उठवलं. "चला, मिसेस मॅक. आत बसू. बेपत्ता माणूस सापडला, तेव्हा चहा तर हवाच."

"तुला कधी कळलं?" मी त्याला हळूच विचारलं.

"पायावरून."

"मग बोलला का नाहीस?"

"म्हटलं, कळेल तुझं तुला," हेमी म्हणाला. "आणि तुला इथपर्यंत आणायचं तर होतंच. बंब दुसरं कोण चालवणार?"

स्वयंपाकघरात आम्ही चौघे रांगेने बसलो. मिसेस मॅकनी डोळे पुसले, चीज रोलचा ट्रे भट्टीत सरकवला आणि बंबातली माझी बंदूक आणून टेबलावर उघडी करून ठेवायला लावली. नळीच्या टोकाकडे बोट करून म्हणाल्या, "हे काय आहे?"

"सायलेन्सर."

"कशाला?"

"तुमच्यासाठी, मिसेस मॅक. तुम्ही म्हणाला होतात, प्रत्येक गोळी ऐकू येते."

"हो. येते."

"मग मला वाटलं, त्रास होत असेल."

"त्रास?" त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "अरे, दिवसभर या घरात घड्याळाशिवाय काही वाजत नाही. मंगळवारी चकती वाजली की मला कळतं, नेव्हिल आला. मग मी बटाटे सोलायला घेते. प्रत्येक गोळीला म्हणते, आहे. अजून आहे. शेवटची झाली की किटली ठेवते. तुझ्या गोळ्यांवर माझा अख्खा मंगळवार चालतो! आणि त्रास होत असता तर मी सांगितलं नसतं का?"

"नाही!" आम्ही चौघेही एका सुरात म्हणालो.

मिसेस मॅक जरा विचारात पडल्या. "हो," त्या म्हणाल्या. "नसतं सांगितलं."

हेमीने हळूच बंदूक ओढून सायलेन्सर बघितला आणि म्हणाला, लांब घ्यायला हवा होतास. दुसरा म्हणाला, पोलादी. पुन्हा चार माणसं आणि सहा मतं! मी मात्र कपात चमचा फिरवत बसलो. ज्या मंगळवारावरून मला हाकलतील म्हणून मी झुरत होतो, तो मंगळवार माझ्यापेक्षा त्यांचा होता. एकतीस वर्षं आम्ही एकमेकांच्या पोटातलं ओळखत बसलो, आणि कुणी तोंड उघडलं नाही.

जाताना मिसेस मॅकनी हुकूम सोडला. "ते नळकांडं हवं तर ठेव. तेवढेच ससे जास्त पडतील. पण आल्याबरोबर चकतीवर गोळी मारायची ती आवाजाची. आणि खाली उतरताना शेवटची एक, दरडीत, तीही आवाजाची. मधे काय करायचं ते कर."

"आणि मधे काही झालं तर?"

"तर शेवटची येणार नाही. मग मी या हेमीला बोलावीन."

"पण बंब कोण चालवणार?" हेमी म्हणाला. मिसेस मॅक पहिल्यांदा हसल्या.

तेव्हापासून दर मंगळवारी माझा कार्यक्रम असा. शेडपाशी पिकअप, सायलेन्सर फिरवून काढायचा, चकतीवर एक गोळी, सायलेन्सर पुन्हा लावायचा आणि वर. अंगठीसारखा समज, काढू नकोस, असं कॉलिन म्हणाला होता ते आठवतं ना? काढला की माझा नेम चार बोटं सरकतो. चकती कपाच्या तोंडाएवढी! तुम्ही म्हणाल, चार बोटं खाली धर. धरलं. तर गोळी डावीकडून गेली. डावीकडचा हिशोब केला, तर वरून. पाच मंगळवार झाले, दरडीची चाळणी झाली आणि चकती तशीच लटकते आहे.

मिसेस मॅक मात्र दर वेळी दारात येऊन म्हणतात, "आज आवाज अगदी स्पष्ट आला हो, नेव्हिल!" मी खूश. म्हटलं, एक तरी बाई समजूतदार भेटली.

गेल्या रविवारी चर्चनंतर ग्वेंडा तोंडाला रुमाल लावून माझ्याकडे आली. मिसेस मॅकनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की नेव्हिलची नजर गेली आहे. आवाज येतो, पण चकती काही वाजत नाही. आर्चीची गोळी सत्तरीतही कधी चुकली नव्हती. आता बिचाऱ्याला सांगायचं कसं, म्हणून मी आपली आवाजाचं कौतुक करते, असं त्या म्हणाल्या.

"मग तू सांगितलंस ना त्यांना, सायलेन्सर काढला की नेम सरकतो म्हणून?"

"मी कशाला सांगू?" ग्वेंडा म्हणाली. "सरळ बोलायची माझी खोड गेली आता. तूच सांग."

मी सांगणार नाही. सांगितलं तर त्या म्हणतील, मग राहू दे ती आवाजाची गोळी, उगाच तुला त्रास. त्यापेक्षा आंधळा म्हणवून घेतलेलं परवडलं. गुरुवारी त्यांच्या समाधानासाठी डोळ्यांच्या डॉक्टरकडेसुद्धा जाऊन आलो. त्यांनी बराच वेळ तपासलं आणि म्हणाले, नजर ससाण्याची आहे! पुढे आणखीही काहीतरी म्हणाले, ते मला नीट ऐकू आलं नाही. ग्वेंडा म्हणते, ते कानांबद्दल होतं.